आठवडी बाजाराचा खाऊ आणि रोजची पुडी

मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांनी बर्गर, पिझ्झा, वडापाव किंवा मंचुरियन अधूनमधून खाल्ले तर बिघडते कुठे, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या पालकांपुरता उरलेला नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर येथे साखळी उपाहारगृहे आली, तालुक्याच्या गावी त्यांची नक्कल करणारे कॅफे निघाले, आणि जिथे तेही पोहोचले नाहीत तिथे बसस्थानकाबाहेर चायनीजचा गाडा संध्याकाळी लागतोच. या प्रश्नाला घरोघरी दोन उत्तरे मिळतात. ‘खेळतंय पोरगं, जिरून जातं’ हे एक, आणि असल्या खाण्याला घरात थाराच देऊ नये हे दुसरे. पहिले उत्तर बहुधा आजोबा देतात. दुसरे देणाऱ्याने नुकताच मोबाइलवर एखाद्या आहारतज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिलेला असतो.

माझ्या मते दोन्ही उत्तरे चुकीच्या जागी बोट ठेवतात. खेळणाऱ्या, निरोगी मुलाला असे खाणे कधीमधी मिळायला हरकत नाही, पण ते जिरते म्हणून नव्हे. आणि कधीमधी म्हणजे नेमके कधी, हे मुलाच्या हट्टावर किंवा पालकांच्या लहरीवर सोडले तर त्याचे रोजचे व्हायला वेळ लागत नाही. त्यातही मराठवाड्यापुरते बोलायचे तर आपण ज्या पदार्थांवरून वाद घालतो ते बहुतेक घरांत महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतात, आणि ज्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही ते, म्हणजे पाच रुपयांची चिप्सची पुडी आणि थंड पेये, मुलांच्या हातात रोज असतात.

आधी जिरण्याचा हिशेब करून पाहू. पस्तीस किलो वजनाचा, बारा वर्षांचा मुलगा तासभर जोमाने खो-खो किंवा फुटबॉल खेळला, तर ढोबळ मानाने अडीचशे कॅलरी खर्च होतात. बटाट्याच्या टिक्कीचा एक बर्गर तीनशेच्या पुढे जातो, फ्रेंच फ्राईजची मध्यम पुडी जवळजवळ तेवढीच, आणि सोबत अडीचशे मिलिलिटर शीतपेय घेतले की आणखी शंभरावर. म्हणजे तासाभराच्या खेळात जेवढे खर्च झाले त्याच्या सुमारे तिप्पट पंधरा-वीस मिनिटांत परत पोटात गेले. ‘आज खेळला, म्हणून आज खाऊ दे’ या न्यायाने पाहिले तर हा व्यवहार कधीच बरोबरीत सुटत नाही. पण हाच हिशेब महिन्याचा मांडला तर चित्र उलटे दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १० ते १२ वर्षांच्या मुलाची रोजची ऊर्जेची गरज सुमारे २,२२० कॅलरींची आणि १३ ते १५ वर्षांच्या मुलाची सुमारे २,८६० कॅलरींची आहे. महिन्याला साठ-सत्तर हजार कॅलरी पचवणाऱ्या वाढत्या शरीराला एका संध्याकाळच्या सातशे-साडेसातशे कॅलरींनी काही होत नाही. कॅलरींच्या भाषेत भांडायचे ठरवले तर कडक आणि मवाळ असे दोन्ही पक्ष एकाच आकडेवारीने हरतात, आणि म्हणून ही भाषाच या प्रश्नाला पुरी पडत नाही असे मला वाटते.

खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत मुख्य विचार त्या खाण्यात काय नाही याचा, आणि त्याने कशाची जागा घेतली याचा करायला हवा. वर उल्लेखलेल्या शिफारशींतच १३ ते १५ वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलींना ४३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. लोहाची गरज मुलांना २२ मिलिग्रॅम आणि मुलींना ३० मिलिग्रॅम. ही गरज ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथी-चुका-पालक, शेंगदाणे, दूध आणि परवडत असेल तर अंडी-मटण अशा ताटातूनही जेमतेम भागते. महाराष्ट्रात १५ ते १९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयी आहेत, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत दिसले. रक्तात हिमोग्लोबिन कमी असले की स्नायूंना प्राणवायू कमी पडतो, आणि चौथ्या मिनिटाला धाप लागलेल्या मुलीला प्रशिक्षक ‘दम कमी आहे’ म्हणून मैदानाला आणखी दोन फेऱ्या मारायला लावतो. अशा मुलीच्या संध्याकाळच्या जेवणाची जागा मैद्याच्या नूडल्सनी घेतली, तर नुकसान त्या नूडल्समधल्या तेलापेक्षा न खाल्लेल्या वरण-भाकरीचे अधिक असते. ते वजनकाट्यावर दिसत नाही. मुलगी सडपातळ असते आणि घरचे निर्धास्त असतात.

लठ्ठपणाची शहरी धास्ती आपण जशीच्या तशी उचलली, ही मला यातली मोठी गफलत वाटते. तीच पाहणी सांगते की महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. धाराशिव जिल्ह्याने देशाला खो-खोपटू दिले. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितले होते की खेळाच्या सुरुवातीची सुमारे दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळत असे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या शेतकरी कुटुंबातून आलेल्या अविनाश साबळे यांनी २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले. ज्या मातीतून असे खेळाडू येतात तिथे मुलांच्या आहारावरची सगळी चर्चा ‘पिझ्झा द्यावा की न द्यावा’ एवढ्यावरच संपत असेल, तर ती चर्चा नेमकी कोणाच्या मुलांविषयी चालली आहे हे एकदा विचारायला हवे.

आता ‘अधूनमधून’कडे वळू. आपल्याकडे अशा खाण्याला एकेकाळी ठरलेला वार होता. आठवडी बाजाराच्या दिवशी वडील पिशवीत भाजीपाल्याबरोबर वर्तमानपत्रात बांधलेली भजी, शेव-चिवडा किंवा जिलेबी आणत, आणि ते येईपर्यंत मुले वेशीपर्यंत चार चकरा मारत. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा, महाशिवरात्रीला लातूरचा सिद्धेश्वर, फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी. तिथे रेवड्या, गोडीशेव, गरम भजी यांची चंगळ असे. आहारशास्त्राच्या काट्यावर यातले काहीही उतरले नसते. भज्यांचे तेल दिवसभर उकळत असे आणि जिलेबीत साखरेशिवाय सांगण्यासारखे दुसरे फारसे काही नसते. तरी या खाण्याने पिढ्या बिघडल्या नाहीत, कारण पुढचा बाजार सात दिवसांनीच भरणार होता आणि यात्रा उठली की हलवाईही उठून जाई. मुलाला संयम शिकवण्याची गरजच नव्हती. संयम पंचांगात आणि वडिलांच्या खिशात होता. हे लिहिताना जुन्या काळाची भलावण करण्याचा हेतू नाही. खिसा रिकामा असणे हा काही आहारविचार नव्हे, आणि त्याच काळात पोरे अर्धपोटी झोपतही होती. मुद्दा एवढाच की कधीमधीची मर्यादा घराबाहेर, सर्वांना सारखी आणि वादापलीकडची होती.

ती मर्यादा आता राहिलेली नाही. बाजार रोज भरतो, जिल्ह्याच्या ठिकाणी तो मोबाइलवरून दारातही येतो, आणि दहा मिनिटांच्या हट्टात मिळणाऱ्या गोष्टीला मुले तेवढाच वेळ हट्ट करतात. म्हणून पूर्वी जे काम वाराने केले ते आता घराने जाणीवपूर्वक करायला हवे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की जंक फूड, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि साखरयुक्त किंवा कॅफिनयुक्त पेये मुलांनी शक्यतो टाळावीत, आणि घेतलीच तर आठवड्यातून एका वाढणीपेक्षा अधिक नसावीत. आधुनिक बालरोगशास्त्र जिथे पोहोचले ते प्रमाण आपल्या आठवडी बाजाराच्या प्रमाणापाशीच येऊन थांबते, याची मला गंमत वाटते. मात्र या सूचनेतली खरी अट बहुतेक पालकांच्या नजरेतून निसटते. ही एक वाढणी बर्गर, शीतपेय, चिप्सची पुडी, नूडल्स या सगळ्यांची मिळून आहे. रविवारी पिझ्झा खाल्ला तर सोमवार ते शनिवार किराणा दुकानातली पुडी बंद, असा तिचा अर्थ होतो. पिझ्झा नाकारून रोज पुडी देणारे घर स्वतःला शिस्तीचे समजते, आणि महिन्यातून दोनदा पिझ्झा देऊन पुडी न देणाऱ्या शेजाऱ्याला उधळ्या म्हणते.

वार ठरला की त्या दिवशीच्या खाण्यावर प्रवचन होऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पूर्ण बंदीचे काय होते हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले: लहान मुलांना समोर दिसणारा एखादा खाऊ काही काळ मुद्दाम नाकारला, की त्यांचे लक्ष त्याच्याकडेच लागते आणि मोकळीक मिळताच ती त्याच्यावर तुटून पडतात. हे आपल्याकडच्या आयांना प्रयोगाशिवायही माहीत आहे. बर्च यांच्याच १९८० च्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र आपल्या मैदानांवर रोज विसरली जाते. एखादा पदार्थ बक्षीस म्हणून दिला की मुलांना तो आधीपेक्षा अधिक आवडू लागतो. ‘सकाळी सरावाला गेलास तर संध्याकाळी बर्गर’ असा सौदा करणारे वडील एकाच वेळी दोन गोष्टी शिकवतात: सराव ही सोसायची शिक्षा आहे, आणि बर्गर हा जगातला सर्वांत मोलाचा पदार्थ आहे. वरण-भाकरी मग आपोआप शिक्षेच्या बाजूला जाऊन बसते.

येथे एक भेद करायला हवा, नाहीतर माझे म्हणणे कोरडे वाटेल. तालुका स्पर्धा जिंकून आलेला संघ प्रशिक्षकासह एखाद्या गाड्यावर पावभाजी खायला बसतो, त्यात मला काही वावगे दिसत नाही. हा आनंद आहे. आधी जाहीर केलेला करार नव्हे. हरलेल्या संघालाही त्याच गाड्यावर नेणारे प्रशिक्षक मला अधिक शहाणे वाटतात. याउलट, मुलीने समोसा खाल्ला हे कळताच तिला सगळ्यांसमोर वजनावरून बोलणे आणि समोसा ‘उतरवायला’ जास्तीच्या फेऱ्या मारायला लावणे, हा प्रकार आपल्या मैदानांवर सर्रास चालतो आणि त्याला शिस्त म्हटले जाते. वाढत्या वयातल्या मुलींच्या मनात अन्नाविषयी भीती बसवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

‘जिरून जातं’ या समजुतीला माझा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मराठवाड्यात विशेष लागू पडतो. आपल्याकडे मुलाचे खेळणे दहावीला संपते. शालेय स्पर्धांत जिल्ह्यापर्यंत धडक मारलेला मुलगा जूनमध्ये लातूर किंवा नांदेडला शिकवणीसाठी जातो, वसतिगृहाच्या खोलीत तीन खाटांपैकी एक त्याच्या वाट्याला येते, आणि पुढची दोन वर्षे वर्ग, अभ्यासिका आणि मेस या त्रिकोणात जातात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. शिकवणीच्या गावांत तेवढा वेळ मैदानाला देणाऱ्या मुलाला पालक दूरध्वनीवरून झापतात. हालचाल अशी एका महिन्यात थांबते, पण खाण्याची सवय थांबत नाही. पाच वर्षे ज्याने ‘मी खेळतो, मला चालते’ म्हणून खाल्ले, तो आता मेसचे वरण पातळ म्हणून रात्री दहा वाजता त्याच गाड्यावर उभा असतो, आणि आता ते जिरवणारे काही नसते. खेळ ही खाण्याची सबब झाली की खेळ सुटल्यावर सबब जाते आणि खाणे उरते. त्यामुळे खेळणाऱ्या मुलाची सवय न खेळणाऱ्या मुलाइतक्याच काळजीने घडवायला हवी; किंबहुना थोडी अधिकच, कारण सवयीचे परिणाम त्याच्या अंगावर इतक्या उशिरा दिसतात की तोवर सावध होण्याचे काही कारणच मिळत नाही.

आता रोजच्या पुडीकडे येतो. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेच्या दारात मधल्या सुट्टीत पाच मिनिटे उभे राहिले तर या नियमाचे काय झाले ते कळते. माळेसारख्या लटकणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्या, रंगीत गोळ्या, बर्फाचे पेप्सीकोले. आणि दुकानदार म्हणजे बहुधा शाळेतल्याच एखाद्या मुलाचा काका. तो खलनायक नाही. त्याला कोणी फीत घेऊन पन्नास मीटर मोजून दाखवलेले नाही, आणि दाखवले तर त्याने त्याऐवजी काय विकावे हेही कोणी सांगितलेले नाही.

या पुडीमागे आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे पाहिल्याशिवाय पालकांना उपदेश करण्याचा अधिकार मिळत नाही. पहाटे सहाला खुरपणीला किंवा सोयाबीन काढणीला जाणाऱ्या आईला डबा करून देणे दर दिवशी जमत नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. म्हाताऱ्या आजीच्या हाताला पाच रुपयांचे नाणे भाकरी थापण्यापेक्षा सोपे जाते. अशा घरात पुडी ही चैन नसून न्याहारी असते. शहरातली आहारविषयक भाषणे या आजीपर्यंत पोहोचली तरी तिला अपराधी वाटण्यापलीकडे काही होणार नाही. शेंगदाणे आणि गूळ, रात्रीच्या भाकरीचा कुस्करा, मुरमुऱ्यांचा सुशीला, जवसाची चटणी लावलेली पोळी हे पदार्थ तिला कोणी शिकवायचे नाहीत; ते सकाळी मुलाच्या हातात पडतील एवढी सवड आणि मदत मिळवून द्यायची आहे.

पेयांचा प्रश्न पुडीहूनही गंभीर आहे. अडीचशे मिलिलिटर कोलात सुमारे २५ ते २७ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिक कडक शिफारशीप्रमाणे मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायची म्हटले, तर दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला दिवसाची पूर्ण मर्यादा या एका बाटलीतच संपते. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा परभणी-नांदेडचा पारा चाळिशीच्या वर असतो, उन्हाळी शिबिरातून बाहेर पडणारी मुले तहानेने व्याकूळ होऊन पहिल्यांदा दिसेल ती थंड बाटली उचलतात. त्या वेळी शरीराला पाणी आणि थोडे मीठ हवे असते, जे ताकात किंवा लिंबू-सरबतात मिळते. त्याहून वाईट म्हणजे वीस रुपयांत मिळणारी, कॅफिन असलेली ‘एनर्जी’ पेये. त्यांच्यावर मुलांसाठी शिफारस नाही अशी सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे, पण ती इतकी बारीक असते की चष्म्याशिवाय दिसू नये, आणि बहुधा इंग्रजीत. कबड्डीच्या सामन्याआधी ‘चढायला’ म्हणून अशी बाटली पिणारी चौदा-पंधरा वर्षांची मुले मी पाहिली आहेत. बर्गरबद्दल मी मवाळ आहे. याबद्दल अजिबात नाही. इथे ‘अधूनमधून’ चालत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीला बंदी घालण्याची घोषणा केली होती; पन्नास मीटरचा नियम जिथे पाळला जात नाही तिथे पाचशे मीटर कोण मोजणार, ही शंका तेव्हाच आली होती.

गाडा आणि साखळी उपाहारगृह यांच्यात चांगले कोणते, हा मध्यमवर्गीय घरांतला आवडता वाद थोडक्यात उरकतो. साखळीतले खाणे स्वच्छ असते म्हणून ते पौष्टिक ठरत नाही, आणि गाड्यावरचे खाणे आपल्या मातीतले असते म्हणून निर्धोक ठरत नाही. गाड्याच्या बाबतीत मोठी चिंता तेलाची आणि रंगाची असावी. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या घातक घटकांवर २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. लालभडक मंचुरियनऐवजी फिकट मंचुरियन मागण्याइतके शहाणपण पालकांनी आणि मुलांनी दाखवावे. केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड उपाहारगृहांतल्या बर्गर-पिझ्झ्यावर १४.५ टक्के कर लावला होता. वर्षभरात वस्तू व सेवा कर आला आणि तो त्यात विरून गेला. त्याने गल्लीतल्या दुकानातली पुडी महाग झाली नाही, हे त्या कराचे अपुरेपण मला अधिक बोलके वाटते. सप्टेंबर २०२५ च्या करकपातीत तर नमकीन, इन्स्टंट नूडल्स आणि चॉकलेट हे पदार्थ पाच टक्क्यांवर आले, तर साखरयुक्त सोडापेयांवरचा एकूण कर चाळीस टक्क्यांवरच राहिला. पेयांबाबत हे योग्य झाले. पुडीला मात्र आपण आणखी स्वस्तात दारात बोलावले.

याच संदर्भात अंड्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि हवे तर लोकसहभागातून द्या असे शाळांना सुचवले. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम दर्जाची प्रथिने असतात आणि त्याची किंमत पाच रुपयांच्या पुडीपेक्षा थोडीच जास्त. आठवड्यातून एक पिझ्झा द्यावा की नाही यावर तावातावाने बोलणारा सुशिक्षित वर्ग आठवड्यातून एक अंडे बंद झाले तेव्हा जवळजवळ गप्प होता, कारण त्याची मुले त्या शाळांत जात नाहीत. लोकसहभाग शिकवणीच्या गावांत मिळेलही. भूम, कळमनुरी किंवा किनवटच्या वाडीवस्तीवरच्या शाळेने तो कोणाकडे मागायचा?

मोठ्या धोरणाची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम मात्र जवळ आहे. जिल्ह्या-तालुक्यांच्या क्रीडा संकुलांत आणि शाळांच्या मैदानांवर संध्याकाळी चार-पाच तास मुले असतात, आणि तिथे खाण्याची सोय कोणीतरी करतेच. ती जागा भाड्याने देताना उकडलेले अंडे, भाजके शेंगदाणे, केळी, चिक्की, ताक आणि मोसमात जालन्याची मोसंबी विकणे ही पहिली अट आणि कॅफिनयुक्त पेये न विकणे ही दुसरी अट घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. बचत गटांच्या महिलांना हे काम दिले तर चार घरांना मिळकतही होईल. सराव संपताच तासाभरात मुलाच्या पोटात असे काही गेले, तर भुकेल्या पोटी पुडीकडे जाणारा हात बराच थांबतो. आणि रविवारी संध्याकाळी तोच संघ समोरच्या गाड्यावर मंचुरियन खायला निघाला, तर प्रशिक्षकाने त्यांच्याबरोबर जावे, रंग कमी टाकायला सांगावे आणि फेऱ्यांचा विषय काढू नये.